सुनेच्या माहेरची निवडणूक

मंगळवार, संध्याकाळ. कोलशेत

फिलिपिन्सला माझ्या सुनेचा, लिझाचा धाकटा भाऊ आज निवडून आला. आधी आजोबा नगराध्यक्ष, मग वडील, आता हा. लिझा कणीक मळता मळता व्हिडिओ कॉलवर होती. भावाने फोन गर्दीकडे वळवला, तसे सगळे तिचं नाव घेऊन ओरडले. तिने पिठाचा हात उंच करून हलवला. सावकाश, पुढाऱ्यासारखा. तो हात काही डोळ्यांपुढून जात नाही.

मी विचारलं, "तुला उभं राहायचं होतं का गं?"

"बाबा मलाच उभं करणार होते, आई. मग तुमचा निखिल भेटला."

"मग जाऊन ये ना महिनाभर."

"गेले तर परत यावंसं नाही वाटणार," म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

निखिलला तिकीट काढायला सांगावं का? मलाच धीर होत नाही.