लढाई होणार नाही : कारणे पाच

१ जून १९३९, अमरावती

आजपासून अभ्यास. नायब तहसीलदारीची परीक्षा ऑक्टोबरात, नागपूरला. वयाच्या अटीप्रमाणे हा माझा शेवटचा चान्स. मागच्या खेपेला कायदा, इंग्रजी, हिशेब सगळ्यांत पास होतो. जनरल नॉलेजने घात केला. परीक्षकाने जगात सध्या काय चाललंय ते विचारलं आणि मला फक्त पूर्वी काय चाललं होतं तेवढंच येत होतं.

यंदा पद्धत बदलली. चालू घडामोडींवर रोज प्रश्न स्वतःच काढायचे, स्वतःच सोडवायचे, स्वतःच तपासायचे. पहाटे चारला उठणे. चहा बंद.

२ जून

सातला उठलो. झोप पुरी झाली की डोकं साफ राहतं, तेव्हा नुकसान नाही. चहा घेतला, कारण माणिकबाईंनी (घरमालकीण) आणून दिला आणि बाईमाणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

९ जून

उत्तराचा नियम ठरवला. प्रत्येक उत्तर दहा ओळी, मुद्दे पाच, आणि पहिल्याच ओळीत ठाम निकाल. परीक्षकाला शंका आवडत नाही. सरकारला तहसीलदार पाहिजे. तोच कचेरीत बसून ‘बघू, पाहू’ म्हणायला लागला तर राज्य चालायचं कसं?

आजचा प्रश्न : आपल्या प्रांताचं मंत्रिमंडळ मुदत पूर्ण करील काय? उत्तर : करील. कारणे पाच. स्वतःला दहापैकी नऊ दिले. एक गुण मुद्दाम कापला, लाड बरे नाहीत.

१७ जून

गयासुद्दीनबरोबर वाचनालयाच्या पायरीवर सराव. हा रंगाऱ्याचा मुलगा, माझ्यासोबत बी. ए. झाला, याच परीक्षेला बसतोय. मी त्याला प्रश्न विचारतो, तो मला. हुशार आहे, पण प्रत्येक उत्तरात ‘बहुतेक’ घालतो. बहुतेक होईल, बहुतेक होणार नाही. मी म्हटलं, गड्या, या एका शब्दापायी नापास होशील. तो म्हणाला, होईन तं होईन, पण उद्या काय होईन थे मले ठावूकच नाही तं मी काय करू?

कीव आली.

२६ जून

वाचनालयात इंग्रजी पेपर एकच येतो, आणि तोही आधी एका वकीलसाहेबांकडे जातो. त्यांच्या घरचं वाचून झालं की मग आमच्याकडे. तीन-चार दिवस शिळा असतो. गयासुद्दीन कुरकुरतो आणि संध्याकाळी एका कापड दुकानाच्या ओट्यावर रेडिओ ऐकायला उभा राहतो. मला ते पटत नाही. ताजी बातमी आज एक असते, उद्या दुसरी. बातमी लोणच्यासारखी मुरली पाहिजे. मुरलेल्यावरच प्रश्न येतात.

५ जुलै

माणिकबाईंच्या बकरीने खोलीत शिरून नोट्सची दोन पानं खाल्ली. झेकोस्लोव्हाकियाची होती. आधी चिडलो, मग लक्षात आलं की तो देश आता नाहीच, तेव्हा अभ्यासही लागत नाही. बकरीने माझं काम हलकं केलं. दाराला कडी लावणे.

७ जुलै

कडी लावायची राहिली. पोलंड अर्धा गेला.

२१ जुलै

बा आणि सहदेव अकोल्याहून आले. टोपलीत वांगी, गवार आणि मायच्या हातचा ठेचा. सहदेव माझ्या पाठचा. मळ्यात माझा वाटाही तोच राबतो, म्हणून मी इथे शिकू शकतो, हे मी कुणापाशीही कबूल करतो. जनावरांवर त्याचा फार जीव. आमचा एक बैल त्याच्याशिवाय कुणालाही शिंगाला हात लावू देत नाही.

झालं असं की अकोल्यात फौजेचे भरतीवाले आले आहेत. त्यांना खेचरं सांभाळायला माणसं हवीत. सहदेवने नाव द्यायचं मनात घेतलंय. म्हणाला, दादा, जठारपेठेत भाजी नेली का वापस, भाजी नेली का वापस, मले काय जनमभर हेच कराचं हाय का? रेल्वे जाते तिकडलं पाहाचं हाय मले.

माय अडून बसली आहे. एक तर हा धोंड्याचा महिना, यात नवं काही धरत नाहीत. दुसरं म्हणजे तिला एकच भीती. तिने बाला सांगून पाठवलं : देवीदास एवढा पेपर वाचून राहिला, त्याले इचारा, लढाई होईन का? तो नाही म्हणे तं पोराले जाऊ द्या.

घरातून मला चालू घडामोडींवर आलेला हा पहिला प्रश्न! आनंद झाला. आणि प्रश्नही नेमका माझ्या तयारीतला. बसल्या बैठकीत सांगून टाकलं. बा म्हणाला, असं तोंडी नोको. कागदावर लिहून दे, तुह्या मायले कागदाचा इश्वास हाय.

चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात लिहिलं :

लढाई होणार नाही. कारणे पाच. एक, मागच्या साली म्युनिकला करार झाला आहे; करारानंतर लढाई होत नाही. दोन, मागची मोठी लढाई लोक अजून विसरलेले नाहीत. तीन, जर्मनी रशियाला भितो. चार, लढाईला खर्च फार येतो. पाच, इंग्रज सरकारला लढाई नको आहे, आणि सरकारला जे नको ते होत नाही.

गयासुद्दीन तेवढ्यात आला होता. वाचून त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, देवीदास, परीक्षेचा परचा नाही हा, घरचा मामला हाय. निदान बहुतेक तरी लिही. पेन पुढे केलं त्याने. पण पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली असती. अक्षर फार सुरेख आलं होतं. राहू दिलं.

दहापैकी दहा.

३० जुलै

सहदेव भरती झाला. माय त्याला पोचवायला स्टेशनवर आली नाही, असं कळलं. रडत बसली म्हणतात. अधिक महिन्याचं खूळ. पुढल्या सुट्टीत तिला अंधश्रद्धेवर दोन शब्द सांगणे.

पहाटे उठणं अजून जमलेलं नाही. ऑगस्टपासून नक्की.

१४ ऑगस्ट

गयासुद्दीनच्या वडिलांना जर्मन रंगाची पुडी बाजारात मिळेना. मुंबईच्या व्यापाऱ्याने माल दाबून धरला आहे. गयासुद्दीन म्हणतो, काही तरी वाईट होऊन राहिलं. परवा मी म्हटलं, रंग महागला म्हणून कुठे लढाई होते? त्याने पुस्तकं गुंडाळली आणि घरी गेला. सरावाला दोन दिवस आलेला नाही. टिकाव नाही.

२७ ऑगस्ट

पेपरात मोठी बातमी : जर्मनी आणि रशिया यांचा तह झाला. क्षणभर दचकलो, कारण मुद्दा तीन. पण शांतपणे विचार केल्यावर ध्यानात आलं की जर्मनी रशियाला भीत होता तोवर भांडणाची थोडी तरी शक्यता होती. आता दोघं दोस्त झाले. म्हणजे मुद्दा आणखी पक्का झाला! नोट्समध्ये ‘भितो’ खोडून ‘मित्र आहे’ केलं. अक्षर खराब झालं, पण हे माझ्यापुरतं आहे.

घरच्या कागदावरचं बदलायला नको. अर्थ तोच.

२९ ऑगस्ट

सहदेवचं कार्ड आलं. चौथीपर्यंतचा अभ्यास त्याने कार्डभर वापरला आहे. खेचरं गुणाची आहेत. एकीचं नाव त्याने आमच्या गाईवरून कपिली ठेवलंय. जेवण पोटभर. सगळ्यांना लांब, जाड लोकरीचे कोट दिले. आणि खेचराच्या पोटाखाली पट्टा घालून दोराने उंच उचलायला शिकवून राहिले. कपिली वर गेली का पाय झाडते, मले पाहावत नाही, असं लिहिलंय.

लोकरीचे कोट म्हणजे थंड हवेचं ठिकाण. सिमला असणार. भाग्यवान आहे. आम्ही इथे घामाने भिजतोय.

पट्ट्याचं गयासुद्दीनला विचारलं. तो म्हणाला, जनावर असं उचलतात थे जहाजावर चढवाले.

मी म्हटलं, सिमल्यात जहाज कुठून येईल?

तो हसला नाही. घरी येऊन कार्ड पुन्हा दोनदा वाचलं. सहदेवचं अक्षर नीट लागत नाही.

४ सप्टेंबर

गयासुद्दीन सकाळीच धावत आला. काल रात्री रेडिओवर सांगितलं, इंग्लंडने लढाई पुकारली. कापड दुकानापुढे मरणाची गर्दी होती म्हणे.

मी वाचनालयात जाऊन पेपर पाहिला. वाचनालयाच्या पेपरात आज ३१ ऑगस्ट आहे, आणि ३१ ऑगस्टपर्यंत शांतता आहे. अजून काही घडलेलं नाही, असंच धरून चालावं. दिवसभर युरोपच्या नद्या पाठ केल्या.

५ सप्टेंबर

बाजारात रॉकेल मिळेना. माणिकबाईंनी बकरी विकायला काढली. म्हणाल्या, लढाईत काय काय खावं लागते कोनाले ठाव. पेपरात अजून शांतता आहे. मात्र तेच पान तीनदा वाचलं. चहा फार होतोय, कमी करणे.

७ सप्टेंबर

पेपरात लढाई आली.

पाचही मुद्दे पुन्हा वाचले. एकेक मुद्दा पाहिला तर प्रत्येक बरोबर आहे. चूक एकंदरीत झाली.

८ सप्टेंबर

बा आला. टोपली आणली नव्हती. खोलीत शिरून बसलासुद्धा नाही. सहदेवची पलटण मुंबईला हलवली, तिथून कुठे जाणार ते सांगत नाहीत, एवढं सांगितलं. मी म्हटलं, ही लढाई फार लांबणार नाही, कारणं अशी की... बाने हात वर केला. म्हणाला, मुद्दे नोको सांगू बाप्पा. तुह्या मायले अजून मी सांगतलं नाही. माह्यानं होत नाही. कागद तू देल्ला, आता तूच येऊन सांग.

आणि उभ्यानेच परत गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

खरं लिहितो, भीती वाटली. परीक्षा जवळ आली आहे, तिची असावी.

११ सप्टेंबर

नोटीस लागली. लढाईमुळे नायब तहसीलदारीची परीक्षा बेमुदत पुढे ढकलली. वयाची अट आहे तीच राहील.

गयासुद्दीन नोटिशीपुढे माझ्याजवळ उभा होता. मला वाटलं, आता तो म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणाला नाही. अकोल्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं आणि स्टेशनपर्यंत चालत येतो म्हणाला. म्हटलं, आज नको, आज अभ्यास आहे. कसला अभ्यास, असंही त्याने विचारलं नाही.

१४ सप्टेंबर, अकोला

पोळ्याला घरी आलो. गाडीत उत्तर तयार केलं. प्रश्न : आईला लढाईची बातमी द्यावी काय? उत्तर : द्यावी. कारणे पाच. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत घोकलं. चांगलं बसलं होतं.

सहदेवच्या बैलाने शिंगाला बेगड लावू दिली नाही. बाने दोनदा प्रयत्न केला, मग तसाच बोडका नेला त्याला पोळ्यात. लोक पाहत होते.

आज सकाळी बोलायचं ठरवलं. माय देवापुढे होती. माझा कागद देव्हाऱ्यात आहे, खंडोबाच्या टाकाला टेकवलेला. रोज कुंकू लावते. लावून लावून पहिली ओळ लाल झाली आहे.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, बजारात बाया म्हणून राहिल्या का लढाई लागली. म्या म्हटलं, तुमी कोन सांगनाऱ्या? माह्या देवीदासनं लिहून देल्लं हाय. सरकारच्या परीक्षेचं उत्तर हाय थे, खोटं कावून होईन?

मग कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, सहदेव जायाच्या आंधी मले रोज वाचून दाखवे. तो गेला, आता कोनी वाचून दाखवत नाही. तू वाच. तुह्या तोंडून आयकाचं हाय.

बा दारात उभा होता. माझ्याकडे पाहत होता.

मी वाचलं, “लढाई बहुतेक होणार नाही.”

मायने तिथेच थांबवलं. म्हणाली, थे बहुतेक त्यात नाही. सहदेव वाचे तवा नव्हतं. नीट वाच.

नीट वाचलं. लढाई होणार नाही. कारणे पाच. पाचही वाचली, ठाम आवाजात. माय ओठांनी माझ्यासोबत म्हणत होती. तिला सगळं पाठ आहे. तिसऱ्या मुद्द्याला मी अडखळलो तर पुढचा शब्द तिनेच सांगितला.

संपल्यावर म्हणाली, आता बरं वाटलं. कागद परत टाकाशी ठेवला, हात जोडले, मलाही जोडायला लावले. पाहिलं तर बा दारात नव्हता. बैलाकडे गेला होता.

आजच्या उत्तराला गुण द्यायचे राहिले. गावी आलं की असं होतं. उद्या देणे.