समुद्री कोळी नेमका कोणाचा?

ती. मामांच्या चरणी,

भाच्याचा नमस्कार (चरणी म्हणजे जरा लांबूनच, कारण तुमच्या गुडघ्यांना सध्या कोणी हात लावलेला खपत नाही, असं मामींनी कळवलं आहे). गुडघे आता कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या भाचेसुनेला सातवा महिना लागला. तिची तब्येत उत्तम आहे आणि माझ्याबद्दलचं मत पूर्वीचंच आहे.

आईने तुम्हाला फोन करून सांगितलं म्हणे, की मी नोकरी सोडली आणि घरात किडा पाळला. मामा, दोन्ही खोटं आहे. नोकरी शाबूत आहे आणि तो किडा नाही. तो कोण आहे, हे मात्र आमच्या संग्रहालयात अजून कोणालाच धड सांगता आलेलं नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी तिथल्या भांडारात प्राण्यांच्या बरण्या पुसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळे प्राणी मेलेले, त्यामुळे कामात तक्रार अशी कोणाची नसते. पाच आठवड्यांपूर्वी एका जहाजाचा आचारी झाकणाची बादली घेऊन दारात उभा राहिला. थंड समुद्रात जाळं ओढताना हे वर आलं, म्हणाला. "खावं म्हटलं तर याच्यात मांसच नाही. तुम्हीच ठेवा." मी झाकण उघडलं, तर आत नुसते पाय. आठ लांब पाय, आणि ते जिथे एकत्र येतात तिथे शरीर असायला हवं, पण तिथे काडीएवढं काहीतरी होतं. ते पाय बादलीच्या तळाशी इतक्या सावकाश हलत होते, की मला आमच्या कचेरीतल्याच कोणाची तरी आठवण झाली.

हा समुद्री कोळी, मामा. मासे पकडणारा नव्हे, जाळं विणणाऱ्या कोळ्यासारखा दिसणारा. तेव्हापासून मी याच्यावर इतकं वाचलं आहे, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. याचं शरीर इतकं बारीक, की पोट त्यात मावत नाही, म्हणून ते पायांत शिरलेलं असतं (आपल्याकडे लोकांच्या पोटात पाय असतात, हे वेगळं). श्वासाला फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत. कातडीतूनच काम भागवतो. पुढे एक सोंड, ती मऊ प्राण्यांत खुपसून आतला रस ओढायचा. यांच्यातल्या काही जातींना दहा पाय असतात, क्वचित बाराही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंडी बाप सांभाळतो. आई अंडी देऊन आपल्या वाटेने जाते आणि बाप ती गोळे करून खास त्यासाठी असलेल्या दोन छोट्या पायांवर घेऊन हिंडतो. आमच्या बादलीतल्याकडे असे चार गोळे होते. म्हणजे तो बाप होता, आणि दिवस भरत आले होते.

आता याला ठेवायचं कुठे? वरच्या मजल्यावर कोळी-विंचवांचं खातं आहे. तिथल्या प्रमुख बाईंना आम्ही जाळेबाई म्हणतो. खाली खेकडे-कोळंबीचं खातं, तिथे खेकडेसाहेब. दोघं अकरा वर्षं एकमेकांशी फक्त लेखी बोलतात. जाळेबाई म्हणाल्या, तोंडापुढच्या नांग्या बघा, हा आमच्या कुळातला. खेकडेसाहेब म्हणाले, समुद्रातून आलं ते माझं. वर्गीकरण समितीची बैठक तीन आठवड्यांनी होती. तोवर प्राणी कोणाच्याच हद्दीत राहू नये, म्हणून बादली जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचं ठरलं, आणि तिच्याशेजारी मला. मी येणाऱ्याजाणाऱ्याला "डावीकडून जा" म्हणत बसायचो आणि बर्फ घालायचो.

जिवंत वस्तू आवारात ठेवायची तर आस्थापना शाखेत कळवावं लागतं. मी अर्ज भरला : समुद्री कोळी, एक, पुरुष, लेकुरवाळा, पाय आठ. आमचे बडे बाबू प्राण्यांकडे ढुंकून पाहत नाहीत, माणसांकडेही नाही, ते फक्त रकाने पाहतात. चार दिवसांनी जिन्यात एक पुडकं आलं. आत आठ नंबरचे रबरी बूट, दारावर दाखवायचा पास आणि 'कुटुंबातील व्यक्तींची संख्या स्पष्ट लिहावी' असा शेरा. मी धावत गेलो. म्हटलं, "साहेब, हा तो कोळी नव्हे." बडे बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग हजेरीपटावर नाव चढलंय ते कोणाचं?" मी म्हटलं, "त्याचंच." "मग झालं तर," म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. मी मुलांची संख्या अंदाजे चारशे लिहून दिली. त्यावर कोणी काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात संग्रहालयातलं बर्फाचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीच्या कागदावर दोन्ही खात्यांच्या सह्या हव्यात आणि प्राणी कोणाचा हे ठरल्याशिवाय सही कोणी करेना. पाणी कोमट होऊ लागलं. त्याने पाय आखडून घेतले; फक्त अंड्यांचे ते दोन छोटे पाय तेवढे तसेच धरलेले. मामा, तुमच्यापासून काय लपवायचं, मला भरून आलं. मी बादली उचलली आणि थेट घरी आणून फ्रिजमध्ये ठेवली. त्यासाठी मधले दोन कप्पे काढावे लागले.

ही बाहेरून आली, तिने फ्रिज उघडला आणि बंद केला. मग शांतपणे विचारलं, "माझं दही कुठाय?" (तिचा शांतपणा तुम्ही पाहिलेला नाही.) मी सगळं सांगितलं. ती ऐकेना. पण अंडी बाप सांभाळतो म्हटल्यावर थांबली. तिने फ्रिजसमोर खुर्ची ओढली, दार उघडलं आणि बराच वेळ पाहत बसली. "आणि हे दिवसरात्र धरून ठेवतो?"

"दिवसरात्र."

"कुरकुर न करता?"

"आवाजच नाही त्याला."

"बघा," ती म्हणाली, "जरा बघा." तेव्हापासून दही शेजारणीकडे असतं आणि मी रोज संध्याकाळी तासभर त्याच्यासमोर बसून शिकावं, असा हिचा हुकूम आहे.

अखेर समितीची बैठक झाली. मी बादली टेबलावर ठेवली. दोघांनी आपापली टिपणं काढली. इतक्यात संचालक म्हणाले, ज्या खात्याला हा प्राणी मिळेल त्याने आपली एक खोली रिकामी करून द्यावी आणि सुट्टीच्या दिवशी कोणीतरी त्याच्याजवळ थांबावं. मग जाळेबाईंनी टिपण उलटं ठेवलं. "नीट पाहिलं तर," म्हणाल्या, "आमच्या कोळ्यांना अंडी धरायचे वेगळे पाय कुठे असतात?" खेकडेसाहेबांनी घसा साफ केला. "आणि याला मिशा कुठायत? मिशांशिवाय खेकडा मी तरी पाहिलेला नाही. बाई म्हणतात ते बरोबर आहे." अकरा वर्षांतलं हे पहिलं तोंडी वाक्य! शिपायाच्या हातातला चहा सांडला.

म्हणून समुद्री कोळ्यांचं स्वतंत्र खातं झालं. खात्यात दोन नावं : हजेरीपटावर चढलेला समुद्री कोळी आणि नव्याने बदली होऊन आलेला मी. बडे बाबूंनी रुजू होण्याच्या तारखा पाहिल्या आणि तो माझ्याआधी हजर झाल्यामुळे खातेप्रमुख ठरला. तेव्हा मामा, आईला सांगा, नोकरी गेलेली नाही, मला फक्त वरिष्ठ मिळाले आहेत. स्वभावाने फार शांत. इकडची काळजी नसावी. मामींना नमस्कार आणि तुम्ही गुडघ्यांना जपा.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता.क. काळजी नसावी असं वर लिहिलं, ते फ्रिज चालू असताना लिहिलं होतं. आज सकाळी तो बंद पडला. स्वतंत्र खात्याला खोली अजून मिळालेली नाही, आणि अंड्यांच्या गोळ्यांत काहीतरी वळवळतं आहे.

ता.क. दुसरा. तुमच्या बर्फाच्या कारखान्यातली मागची खोली रिकामी आहे, असं आईच्या बोलण्यात आलं. फार जागा लागणार नाही. चारशे म्हटलं तरी प्रत्येक जण ठिपक्याएवढा.

ता.क. शेवटचा. समोरासमोर सांगायला लागलो की तुम्ही "मुद्द्यावर ये" म्हणता आणि माझा मुद्दा निसटतो, म्हणून हे सगळं लिहून दाराखालून आत सरकवलं आहे. मी बाहेरच उभा आहे. ही पायरीवर बसली आहे, तिला आधी खुर्ची द्या. बादली माझ्या हातात आहे. मामा, तुम्ही प्रत्येक ओळ दोनदा वाचता हे मला माहीत आहे, पण आज कृपा करून एकदाच वाचा. बर्फ मूठभरच उरला आहे.