काकाकुवाने दाबलेलं बटण

टेगन बाळा,

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. कॉम्प्युटरची रिकामी मेमरी घेऊन तू जी ड्राइव्ह बनवलीस, तिची काय चपळाई! हार्ड डिस्क जांभई देते तेवढ्यात तिने तुझी अख्खी लोकर-कातरणीची फिल्म उघडली. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतो, तर शेवटची मेंढी कातरून मोकळी! चाळीस वर्षं लाँगरीच गावच्या शेडमध्ये मेंढ्या कातरल्या, असा हात पाहिला नाही.

दुपारी मी कुत्र्याला फिरवून आलो, तर खिडकीत काकाकुवा! त्याने पायाने भिंतीवरचं बटण दाबलं होतं. वीज गेली की त्या ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, हे तूच सांगितलं होतंस. मूळ चित्रण हार्ड डिस्कवर शाबूत आहे, पण तू आज केलेली फिल्मची जुळणी गेली. उद्या कॉलेजात द्यायची होती ना? मी नदीवर जाऊन येतो. मग तुझ्याशेजारी बसतो, सांगशील ते करतो.

तुझी आजी मागून वाचतेय आणि ओरडतेय, "अहो क्लॅरी, बाहेर पडताना भिंतीवरची झाडून सगळी बटणं बंद करणारा काकाकुवा या घरात एकच आहे, आणि तो आत्ता टोपी घालून चिठ्ठी लिहितोय!"