न झालेल्या सामन्याची लाल टोपी

प्रिय क्लेटन दाजी,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? साखर आटोक्यात आहे ना? व्हर्नाताई गेल्यापासून हे विचारायला तुम्हाला कोणी उरलं नाही, म्हणून मी विचारतो. (खरं उत्तर द्यावं अशी तिची अपेक्षा असायची. माझी तेवढी नाही.) माझी तब्येत ठीक आहे. डोक्याचं काय ते सांगायला हे पत्र.

टोपीचा नियम आपणच केला. फुटबॉलच्या सामन्यात ज्याचं कॉलेज हरेल त्याने दुसऱ्याच्या कॉलेजची टोपी पुढच्या सामन्यापर्यंत घालायची. सुटका फक्त झोपेत आणि चर्चमध्ये. गेल्या वर्षी आमचं डॅलबर्ग तीन गुणांनी हरलं, मी तुमची लाल टोपी चढवली, आणि मग तुमचं मॉरोफील्ड टीव्हीच्या पैशासाठी मोठ्या लीगमध्ये निघून गेलं. एकशे सहा वर्षं नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी बावीस मैलांवरची ही दोन कॉलेजं एकमेकांची हाडं मोडत आली. आता तुमची पोरं विमानाने न्यू जर्सीला खेळायला जातात, आणि आमची ज्या गावांशी खेळतात ती नकाशात शोधायला मला चष्मा बदलावा लागतो. पुढचा सामनाच नाही, म्हणजे टोपी उतरायचा दिवस नाही. आपलं बघून हा नियम आता डॅलबर्गच्या निम्म्या घरांत आहे. न्हावी लाल, पोस्टमन लाल, दातांचा डॉक्टर लाल. शत्रूने गाव जिंकलं आणि राहायला आलाच नाही, असं दिसतं.

ताई गेल्यापासून आपण दोघं भेटतो ते त्या एका शनिवारी. आता कशाच्या निमित्ताने भेटायचं, हे त्या लीगवाल्यांनी कुठे लिहून ठेवलं असेल तर मला सापडलं नाही.

यंदा त्या शनिवारी सामना नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी अकरा वाजता मी आमच्या स्टेडियमबाहेर ट्रकचं मागचं फळकूट पाडून राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं गरम करत होतो. टेकड्यांवरून धुकं उतरलं होतं. हातातला डाव दिसेना. एकेक ट्रक आला आणि आपापल्या नेहमीच्या जागी लागला. तुमची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली. का आलास, असं कोणी कोणाला विचारलं नाही. साडेबाराला दारावरची बर्निस किल्ली घेऊन आली. (तिला कोणी येऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं.)

"लाल टोप्या पलीकडच्या दाराने," ती म्हणाली.

"बर्निसबाई, चाळीस वर्षं तुम्ही माझं तिकीट फाडताय."

"मग चाळीस वर्षांत दारं कळायला हवी होती."

अशा रीतीने आम्ही पन्नासेक डॅलबर्गवाले पाहुण्यांच्या बाजूला बसलो. मी तुमच्या जागेवर, एकतिसाव्या रांगेत. (तुमचं बाक ओलं असतं. कधी बोलला नाहीत.)

एक वाजला. मैदानात कोणी नव्हतं. बराच वेळ गेला आणि आम्ही सगळे एकदम उठून उभे राहिलो. मीही. शेजारी न्हावी गस होता. काय झालं, म्हणून मी त्याला विचारलं.

"चेंडू सुटला हातातून," तो हळू म्हणाला.

"कोणाच्या?"

"आपल्याच. दुसऱ्या कोणाच्या सुटणार?"

सगळे सुस्कारा टाकून खाली बसले.

मग धुकं जरा विरळलं आणि समोरची बाजू दिसली. हजारो रिकामी बाकं, आणि माझ्या जागेवर एक माणूस. डोक्यावर आमच्या डॅलबर्गची निळी टोपी. तो मैदानाकडे पाठ करून उभा होता. किक मारायच्या वेळी बघवत नाही म्हणून असा पाठ करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. पण तुम्ही त्या दिवशी न्यू जर्सीला होतात. विमानाच्या तिकिटाचा फोटो तुम्हीच पाठवला होता. शिवाय तुम्ही हरला नव्हतात, मग निळी टोपी कशाला? मी हात वर केला. त्याने मागे न बघता वर केला. धुकं पुन्हा दाटलं.

मैदानाला वळसा घालून जायला मला बारा मिनिटं लागली. तिथे कोणी नव्हतं. माझ्या बाकावर चंदेरी कागदात एक दालचिनी रोल होता. गरम. बेदाणे न घातलेला. चिलीबरोबर तसा रोल एकटी ताई करायची. तीन वर्षं मी नुसता पाव खातोय. मी रोल मांडीवर घेऊन बसलो. बर्निस दार लावायला आली आणि म्हणाली, कोण जिंकलं? मी म्हटलं, अजून चालू आहे. ती किल्ली घेऊन तशीच उभी राहिली.

गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा मेहुणा,
अर्लन

ता. क. टोपी अजून डोक्यावर आहे. सामना झाला की नाही हे ठरेपर्यंत काढता येत नाही.

आणखी ता. क. तो रोल मी दोन दिवस नुसता पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी खाल्ला. मधे कच्चा होता. ताईचा कधी कच्चा राहिला नाही. आधी फार वाईट वाटलं, मग फार बरं वाटलं. पुढच्या वर्षी त्याच शनिवारी दहा मिनिटं जास्त भाजा. तुम्ही न हरता निळी टोपी घातलीत, हे मी बर्निसला सांगणार नाही. फक्त माझ्या जागेवर बसू नका. शेजारची घ्या.