आठवा स्टड

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पत्रातला साष्टांग बहुधा शोभेचा असतो; गेले काही दिवस मी होडीच्या पोटात खरोखरच आठही अंगे टेकून पडलेलो असल्यामुळे हा मात्र अक्षरशः स्वीकारावा.) तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढता-उतरता येतो का? प्रश्न निव्वळ आपुलकीचा आहे. त्यात हेतू शोधू नये.

होडी विकून टाक, असे तू बाबा गेल्यापासून सांगत आहेस. विकायची तर दोर बांधायचे दोन्ही खुंट बदलणे आले, आणि खुंट बदलायचे तर त्यांचे आठ स्टड काढणे आले. स्टड म्हणजे डोके नसलेला बोल्ट: दोन्ही टोकांना आटे, एक नट डेकच्या वर, दुसरा खाली. (तुला हे माझ्याआधीपासून ठाऊक आहे, पण चाळीस वर्षे कार्यशाळेत शिकवलेल्या माणसाला व्याख्येवाचून पुढे सरकता येत नाही.) आपले खुंट अ‍ॅल्युमिनियमचे, स्टड पोलादी. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात शेजारी राहिले की एक दुसऱ्यापायी झिजतो आणि मध्ये पांढरी पूड धरते. अशी जोडपी आपण नात्यातही पाहिली आहेत; फरक इतकाच, की तिथे तेल सोडून तीन दिवस वाट पाहण्याची सोय नसते.

मी तेल सोडून तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी वरचा नट फिरला तेव्हा मला परमानंद झाला, आणि मग ध्यानात आले की नट, स्टड आणि खालचा नट असे सगळे कुटुंबच माझ्याबरोबर प्रदक्षिणा घालत आहे. खालचा पाना कुणीतरी धरायला हवा. बाबांच्या वेळी तो तू धरायचीस. पाना बसला की तू खालून दोनदा ठोकायचीस, मग मी वरून फिरवायचे, हा आपला नेम. आता मी तो पाना दोरीने फळीला बांधला, शिडी चढून वर आलो, फिरवले, पाना निसटला; खाली गेलो, पुन्हा बांधला. एकोणीस फेऱ्यांनंतर स्टड जागेवर होता, मी नव्हतो. जोर वाढवला तेव्हा दोन मोडले. मोडक्याच्या बरोबर मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचे हत्यार फिरवावे, हे मी शेकडो मुलांना शिकवले. हत्यारच आत मोडले तर काय करावे, हे अभ्यासक्रमात नव्हते. ते दोन काढायला आठवडा गेला.

शेवटी शेजारच्या होडीवरच्या रंगाऱ्याला विनवले. तो भला माणूस खाली शिरला. मी त्याला ठोकण्याचा नेम, पांढरी पूड आणि तिच्यामागचे शास्त्र पाऊण तास समजावून दिले. खालून आवाज आला, “मास्तर, पाना धरू का वही काढू?” तरी त्याने पाच स्टड काढू दिले, आणि मग तो दुसऱ्या कामावर निघून गेला. उरला आठवा. तो अगदी पुढच्या कोपऱ्यात आहे. तिथे रंगाऱ्याचा हात जात नाही, माझाही नाही. तुझा जायचा.

काल मी त्याच्यावर पाना लावला आणि सवयीने खालच्या दोन ठोक्यांची वाट पाहत राहिलो. खाली कुणी नाही, हे ठाऊक होते. तरी बराच वेळ थांबलो.

असो. उत्तराची घाई नाही. वेळ भरपूर आहे, अडचण तीच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. शिडीला कठडा बसवला आहे आणि पायऱ्या जवळजवळ केल्या आहेत. तुझ्या गुडघ्याशी याचा संबंध नाही.

ता. क. २. गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आले होते. होडी आहे तशी नेतो म्हणाले. काम अपुरे आहे, असे सांगून परत पाठवले.

ता. क. ३. तुझ्याशी बोललेले खोटे मला कधी पचलेले नाही, म्हणून लिहितो. आठवा स्टड सगळ्यांच्या आधी निघाला होता, नुसत्या बोटांनी. माझा हात तिथे पोचतो; मी तो पुन्हा बसवून दोन्ही नट आवळून ठेवले आहेत. तू खालून ठोकलेस की काढू.