रौशनचे तीन फोटो

बाल्खाश,
१४ नोव्हेंबर २०११

कुआनिश,

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालते. सरोवराच्या कडेला बर्फ धरायला लागलंय. तुझ्या बायकोला आणि मुलांना माझे आशीर्वाद सांग. तुझ्या नावाआधी काही गोड लिहावं म्हणून बराच वेळ पेन धरून बसले. सुचलं नाही, तेव्हा नुसतं नावच घालायचं ठरवलं.

रविवारी फोनवर तू ओरडलास, "आपा, माझ्या प्रदर्शनातली पाटी फाडणारी बाई तूच ना? सगळ्या अल्माटीसमोर माझी अब्रू घालवलीस!" मी फोन ठेवून दिला. तुझी थोरली बहीण असूनही ओरडणाऱ्याला उत्तर देणं मला कधी जमलं नाही. आपल्या घरात ते खातं वडिलांकडे आणि तुझ्याकडे होतं. आता मी लिहिते आणि तू गुमान वाच.

होय, मीच फाडली.

शेजारणीने वर्तमानपत्र आणून दिलं. त्यात तू काचेच्या कपाटापुढे हसत उभा. चाळीस कॅमेरे, सगळे रुंद फिल्मचे, जर्मन, रशियन, एकेक पुसून लखलखीत. खाली लिहिलेलं, की जुन्या कॅमेऱ्यांत विसरून राहिलेले रोल हा माणूस धुतो आणि हरवलेले चेहरे जगासमोर आणतो. शेजारी नमुन्याला एक फोटो. मी चष्मा पुसून पाहिला. मग ट्रेनचं तिकीट काढलं.

तिथे तो फोटो माझ्या उंचीएवढा मोठा करून लावला होतास. काम चांगलं झालंय, कबूल करते. पंचवीस वर्षं पडून राहिलेला रोल, दाणे उठले आहेत, एका कडेने धुरकट झालाय, तरी डोळे अगदी स्वच्छ आलेत. रोल धुवायला तुला कोणी शिकवलं? आपल्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये माझ्याच हाताखाली शिकलास. फोटोपुढे दोघं नवरा-बायको उभे होते. बाई म्हणाली, "गालावर सावली किती सुंदर पडली आहे ना!"

मी म्हटलं, "ती सावली नाही हो. मार आहे."

दोघं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत निघून गेले. खाली तुझी पाटी: 'अनोळखी स्त्री. साधारण १९८५.'

अनोळखी! तुझ्या पाठची बहीण. तुझ्याच ताटात जेवली, तुझे जुने बूट घालून शाळेत गेली. वर्षसुद्धा चुकवून लिहिलंस, मुद्दाम. ऑक्टोबर श्याऐंशी, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? ज्या गाडीतून तिला पळवून नेलं ती तूच चालवत होतास. तिला जबरदस्तीने बायको करायला निघालेला बोलात तुझा दोस्त. "आपा, मुली आधी रडतात, मग रुळतात," असं मला तूच सांगितलंस, त्याच रात्री, हसत. रौशन एकोणीस वर्षांची होती. तिला कारागांद्याला रसायनशास्त्र शिकायला जायचं होतं.

पाटी फाडली तेव्हा तिथे देखरेखीला असलेली मुलगी धावत आली. "आजी, हे काय करताय? या तुमच्या कोण?"

"बहीण," मी म्हटलं. एवढा एक शब्द उच्चारायला मला पंचवीस वर्षं लागली. म्हणून तुझ्यावर ओरडण्याचा मला फारसा हक्क नाही. तरी ओरडणार आहे.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते.

अकराव्या दिवशी ती बोलातच्या घरून पायी परत आली. मी एका लग्नाचे फोटो काढून नुकतीच आले होते. सल्यूत कॅमेरा गळ्यातच होता, रोलमध्ये तीन फोटो शिल्लक. ती फाटकाबाहेर उभी होती. वडील आत खिडकीशी बसले होते. तिथूनच म्हणाले, "उंबरा ओलांडलेली पोर परत येत नसते. फाटक उघडू नकोस." मी उघडलं नाही.

रौशनने विनवलं नाही. डोक्यावर त्यांनी बांधलेला नवरीचा पांढरा रुमाल काढला आणि म्हणाली, "आपा, माझे फोटो काढ. सूज उतरायच्या आत काढ. मिलिशियाच्या पोलिसांना दाखवीन."

मी फाटकावरून काढले. तो कॅमेरा छातीशी धरून वरून काचेत बघायचं असतं, त्यामुळे मान खालीच राहते. मला त्या दिवशी ते फार बरं पडलं. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. तिचा सुजलेला डावा गाल मला आरशातल्यासारखा डावीकडे दिसत होता. तिन्ही वेळा ती श्वास रोखून उभी राहिली. म्हणाली, "उद्या देशील?" मी म्हटलं, "उद्या देते."

संध्याकाळी वडिलांनी मला बोलावलं. "तो रोल धुतलास तर मी मेलो असं समज. मुलगी गेली, आता मुलगा तुरुंगात घालू?" कुआनिश, ते तुझ्यासाठी बोलत होते. तू शेजारच्या खोलीत होतास आणि तुला सगळं ऐकू आलं होतं, कारण सकाळी तू मला न मागता चहा करून दिलास. आयुष्यात पहिल्यांदाच.

रौशन तीन दिवस स्टुडिओत येत राहिली. एका मैत्रिणीकडे उतरली होती. पहिल्या दिवशी मी म्हटलं, लाइट नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रोल धुवायचं औषध संपलंय. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "फिल्म खराब निघाली गं. काहीच आलं नाही." तोवर गाल पिवळा पडत आला होता. तिने मान हलवली, "बरं" म्हणाली आणि गेली. मग मिलिशियात कशाच्या जोरावर जाणार?

तो रोल मला धुवता आला नाही आणि फेकताही आला नाही. कॅमेऱ्यासकट ट्रंकेत ठेवला. वडील जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला तू आलास, ट्रंक उघडलीस आणि म्हणालास, "आपा, हा इथे गंजून जाईल, मी जपतो." मी पाहुण्यांसाठी बाउरसाकचे पिठाचे गोळे तळत होते. आत रोल आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तोंड उघडलं नाही. वाटलं, बरं झालं, सुटले.

तू तो धुशील हे कळायला हवं होतं. पण धुतल्यावर तिला बघून तू काय केलंस? फोन केलास का कोणाला? रडलास का? चौकटीत घातलंस! तुझ्या कपाटातल्या त्या चाळीस यंत्रांपैकी एकाही काचेला तुझ्याइतका निगरगट्ट डोळा नसेल.

अल्माटीहून मी घरी आले नाही. कारागांद्याला गेले. रौशन तिथेच राहते, बेकरीत काम करते. रसायनशास्त्र नाही झालं. पुढे तिथेच लग्न केलं होतं, तो नवरा गेला, एक मुलगी आहे. दर नवीन वर्षाला आम्ही एकमेकींना दोन ओळींचं कार्ड पाठवतो, त्यावरून पत्ता होता. तिने चहा ओतला, दूध घातलं. मी वर्तमानपत्र पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, लाइटपासून औषधापर्यंत.

तिने वर्तमानपत्र जवळ ओढून फोटो पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे फिल्म खराब नव्हती?"

"नव्हती."

"मला वाटायचं, मीच हलले. थंडी होती, अंग कापत होतं. इतकी वर्षं मी स्वतःलाच म्हणत आले, तीन वेळा एक क्षण गप्प उभं राहता आलं नाही तुला."

कुआनिश, यापेक्षा तिने मला झाडूने मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी पाय धरायला वाकले. तिने बाजूला केलं, रागाने नव्हे, पिठाची परात सरकवावी तसं. म्हणाली, "चहा निवतोय, पी. आणि पाचची गाडी आहे, ती गाठ."

निघताना तिने दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुला कळवते. तो फोटो भिंतीवरून उतरवायचा. आणि तिन्ही निगेटिव्ह तिच्या हातात द्यायच्या, तुझ्याजवळ प्रत न ठेवता. त्या घ्यायला ती येत्या शनिवारी अकरा वाजता तुझ्या घरी येते आहे, मुलीला घेऊन. मुलीला तिने सगळं सांगितलंय. तू तुझ्या मुलांना काय सांगायचं ते तोवर ठरव.

मी म्हटलं, "आधी त्याला फोन कर, तो घरी नसला तर?" ती म्हणाली, "असेल. मला त्याच्याशी भांडायचं नाही आपा. मी फक्त दारात उभी राहणार आणि बघणार, तो मला ओळखतो का."

मी बरोबर येणार नाही. तिने मला बोलावलेलं नाही.

उल्मेकेन