घरचा फॉर्म

बारामती
१३ जुलै २०२५

चि. कुंडलिक यास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

काल शनिवार, १२ जुलै, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी तुझा फॉर्म उघडला. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून लिहून ठेवली. छत्तीस वर्षं पोस्टात काढल्यावर ही सवय सुटत नाही.

सुप्रियाने दिशासाठी भरलेला फॉर्म निळ्या पेनचा होता. जागेवर बसत नाही, सांगितलेलं अर्ध्यात विसरते, वस्तू हरवते, या सगळ्यांपुढे तिने 'नेहमी'वर खूण केली होती. डॉक्टरांपुढे निघाला तो हिरव्या शाईचा. अठराच्या अठरा प्रश्नांना 'कधीच नाही', आणि खाली आजोबा म्हणून तुझी सही. म्हणजे दवाखान्यात द्यायचं पाकीट तिने तुझ्याकडे दिल्यावर तू इंदापुरात कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स काढलीस आणि सुनेचा कागद बदललास. नातीला पैकीच्या पैकी मार्क दिलेस. कुंडलिक, ती स्कॉलरशिपची परीक्षा नव्हती.

डॉक्टर म्हणाले, शाळेचा फॉर्म एक सांगतो आणि घरचा दुसरं. हा त्रास दोन्हीकडे दिसला तरच त्याला एडीएचडी म्हणता येतं. घरी काहीच नसेल तर शाळेतच काय बिनसलंय ते पाहा आणि महिन्याने या. हे चालू असताना दिशा त्यांच्या वजनकाट्यावर चौथ्यांदा चढत होती. सुप्रिया तिला खाली उतरवत राहिली. सासऱ्याची सही खोटी कशी म्हणायची, हा तिचा प्रश्न. मला तुझी करामत बाहेर आल्यावर कळली, नाही तर मी तिथेच बोलले असते.

कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला सांगायच्या की तोंडी खोटं एकदा मोजलं जातं आणि लेखी दोनदा. तू असं का केलंस, ते मंगळवार, २२ जुलैपर्यंत लेखी कळव. फोनवर तुझी रेंज सोयीने जाते, म्हणून हे रजिस्टरने पाठवते आहे. पोचपावती मागवली आहे.

बनावट सहीवाल्यावरही लोभ ठेवणारी,
आक्का

पळसदेव
२० जुलै २०२५

ती. आक्का हिस,
कुंडलिकचा जयभीम.

तुझं रजिस्टर मिळालं. पोस्टमन इचारत हुता, कोर्टाचं हाय का. मी म्हणलं, कोर्ट बरं, तितं तारीख तरी फुडं जाती.

फॉर्म मीच बदलला. सही बनावट न्हाय, माझीच हाय. पोरगी वांड हाय, ते मला दिसतंय. परवा शेळीला पाणी पाजायला धाडली तर बादली टाकून भेंडीच्या सरीत फुलपाखराच्या मागं. शेळी तशीच वरडत. पर हे कागदावर कशापायी लिवायचं? एकदा कागदावर चढलं की निघत न्हाय, हे तुला म्या सांगावं व्हय?

मी चौथीत हुतो. सारखा खिडकीतनं भाईर, सारखा उठबस. मास्तरनं चिठ्ठी दिली. आबाला वाचता येत नव्हतं. तू मे म्हैन्याच्या सुट्टीला पुण्याच्या कान्व्हेंटातनं आली हुतीस. आबानं तुला वाचायला सांगितली. त्यात लिवलं हुतं, मुलगा शाळेत बसण्यालायक नाही. दुसऱ्या दिवशी आबानं माझं नाव काढलं आन दाखल्यावर बी तेच आलं. म्होरं कारखान्यात भरती निघाली, तवा साहेबानं दाखला वाचला आन परत दिला. ते जुनं पळसदेव धरणात गेलं, शाळा पाण्यात गेली. दाखला तेवढा ऱ्हायला, माझ्या पेटीत.

आक्का, तू चौदा वर्साची हुतीस. जरा बदलून वाचलं असतंस तर आबाला काय कळणार हुतं? तू न्हाय बदललंस. म्हणून म्या बदललं.

तुझ्या गुडघ्याला तेल धाडलंय. ते लाव, नुसतं बाटलीवरचं वाचत बसू नगस.

तुझा लोभ कमी झाला तरी चालवून घेणारा,
कुंडलिक

पळसदेव
२३ जुलै २०२५

ती. आत्यांस,
सुप्रियाचा सविनय जयभीम.

तुम्ही म्हणता तसं पत्रच लिहिते, कारण फोनवर बोलताना इथे सगळे ऐकतात.

'घरी काहीच दिसत नाही' हे डॉक्टरांचं वाक्य ह्यांनी धरून ठेवलं आहे. ह्यांचं म्हणणं, आजार नाही म्हणजे पोरगी मुद्दाम करते. शिस्तीच्या एका निवासी शाळेचा अर्ज आणलाय आणि दिवाळीनंतर दिशाला तिथे ठेवायचं ठरवलंय. ती दहा वर्षांची आहे, अजून वेणी घालतानासुद्धा दोनदा पळते. तिने मला विचारलं की तिथे जागेवरून उठलं तर काय करतात.

मामंजींनी अर्ज पाहिला. तेव्हापासून ते जेवायला माणसांत बसत नाहीत, ताट घेऊन गोठ्याकडे जातात. त्यांनी फॉर्म बदलला तो तिची शाळा सुटू नये म्हणून, आणि आता त्याच फॉर्मने ती सुटते आहे, हे त्यांना कळलंय. पण मुलाशी बोलत नाहीत. मी सून, मी कुठून सुरुवात करू?

तुमच्या धाकात आणि मायेत असलेली,
सुप्रिया

बारामती
२९ जुलै २०२५

चि. कुंडलिक यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी चिठ्ठीचं लिहिते, म्हणजे बाकीचं सरळ लिहिता येईल.

ती मी शब्द न् शब्द वाचली, आणि मोठ्याने वाचली. पुण्यात शिकून आलेलं माझं वाचन शेजारपाजारच्यांनी ऐकावं असं मला वाटत होतं. तू उंबऱ्यावर उभा होतास. तुझ्याकडे मी पाहिलं नाही. छप्पन वर्षांनी लेखी माफी मागते आहे. ती तुझ्या पेटीत दाखल्याशेजारी ठेव.

आता कामाचं. परवा रविवारी मी इथल्या एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये गेले. अशा मुलांचे आईबाप, आजीआजोबा महिन्यातून एकदा तिथे जमतात. आठ घरं होती. मी वही घेऊन गेले होते, पण पहिला अर्धा तास पेन उघडलं नाही. कन्हेरीच्या बनाबाईंची नात मोना सातवीत आहे. त्या म्हणाल्या, पहिला फॉर्म त्यांनीही सगळा चांगलाच भरला होता. आपल्याच लेकराला आपण नापास कसं करायचं? म्हणजे तू एकटा शहाणा नाहीस. पुढे त्यांनी दुसरा, खरा भरला. मोनाला आता पुढच्या बाकावर बसवतात आणि दोन गणितांनंतर वर्गाबाहेर एक फेरी मारू देतात. तिला घरात एका वेळी एकच काम सांगायचं, तीन नाही. मोना बरी झाली का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मोना मोनाच आहे, पण आता शाळेत रडत नाही.

तुझ्या भीतीचं मी काल डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या तपासणीचा कागद आपल्या कपाटात राहतो, शाळेच्या दाखल्यावर चढत नाही. शाळेला काय कळवायचं ते आपण ठरवायचं. हा त्रास लाडाने होत नाही आणि माराने जात नाही, हेही ते म्हणाले. तुझ्या रविंद्रला सोमवार, ११ ऑगस्टला सोबत आणायला सांगितलंय. तो माझं ऐकणार नाही, डॉक्टरांचं कदाचित ऐकेल. तुझं ऐकेल याची मला खात्री आहे, तू बोललास तर.

सोबत कोरा फॉर्म आहे. अठरा प्रश्न सुप्रिया भरेल, त्यांना हात लावू नकोस. मागच्या पानावर शेवटचा प्रश्न आहे: कुटुंबात लहानपणी असाच त्रास आणखी कोणाला होता का? त्याखाली दोन ओळी रिकाम्या आहेत. त्या तू भरायच्यास, हिरव्या शाईनेच. नाव लिही, इयत्ता लिही, आणि पुढे त्याचं काय झालं तेही लिही. मग तो कागद रविंद्रच्या हातात दे आणि तो वाचून होईपर्यंत समोर बस. ताट घेऊन गोठ्याकडे जाऊ नकोस.

तेल लावलं. उपयोग नाही, पण वास बरा आहे.

भरलेला फॉर्म आणि 'रविंद्रने वाचला' असं तुझ्या हातचं उत्तर शुक्रवार, ८ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारात हवं. लोभ आहेच, मुदत वाढणार नाही.

तू काय लिहिशील ते या वेळी मी कोणालाही वाचून दाखवणार नाही.

तुझी,
आक्का